मामींच्या डोळ्यांची अकरा मिनिटं

मामी,

ते पुसलेलं नाही.

तुम्ही मला तीनदा विचारलं होतंत. एकदा गडबच्या अंगणात वाल सोलताना. एकदा वैजूच्या मावसभावाच्या लग्नात, भर पंगतीत, मी जिलेबी तोंडात घातलेली असताना. आणि गेल्या गणपतीत आरतीचं तबक माझ्यापुढे धरून, अगदी हळू. तिन्ही वेळा मी "पुसलं" म्हणालो. तुम्ही तिन्ही वेळा "बरं" म्हणालात आणि पुढच्या कामाला लागलात.

काल तुमचं तेरावं झालं. आज रविवार, दुपारचे चार वाजलेत. पेणच्या घरी मी कॉम्प्युटरसमोर बसलोय, वैजू आत चहा टाकतेय, आणि या कॉम्प्युटरमध्ये तुमचे दोन डोळे आहेत. अकरा मिनिटं चार सेकंद.

मी इतकं एका दमात कधी बोललो नाही, हे तुम्हाला कळतंय. तुम्ही असतात तर आधी बाहेर जाऊन बघितलं असतंत, कोण दुसरं बोलतंय ते.

तुम्हाला मी मामी म्हणायचो, पण तुम्ही माझ्या मामी नव्हतात. वैजूच्या आई. सासूला 'आई' म्हणायची पद्धत आमच्याकडे आहे, पण ते माझ्या तोंडून निघेना. 'सासूबाई' म्हणजे तर एखाद्या अर्जाचा मायना वाटायचा. मामी हा मधला मार्ग निघाला आणि तेवीस वर्षं चालला.

तेवीस वर्षांपूर्वी मुलगी बघायला गडबला आलो तेव्हाचं मला सगळं आठवतं. पोह्यात शेंगदाणे फार होते. माझे काका आणि तुमच्याकडची मंडळी महामार्गावरच्या धुळीबद्दल बोलत होती. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिलात आणि विचारलंत, "पसंत हाय का मुलगी?" मी मान हलवली. तुम्ही हलला नाहीत. "मान तर नंदीबैल पन हलवतो. तोंडानं व्हय म्हना." सगळे हसले. मी पुन्हा मान हलवली. सगळे पुन्हा हसले, आणि त्या हसण्यातच सुपारी फुटली.

पण तुमच्या लेखी ते राहिलंच. दर सणाला मी ओटीवर पाय ठेवला की तुमचं ठरलेलं असायचं: जावयबापू अजून व्हय म्हनले नायत, तवा हे लगीन कच्चं हाय, वैजे, तू कवापन परत येऊ शकतंस. वैजू हसायची, मी चपला काढायचो. आपला एकच वाद आणि तो असा अर्धाच चालायचा, कारण त्याला दुसरी बाजू नव्हती. दुसरी बाजू मी होतो.

माझं कामही मला शोभेसं. रोह्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत परिचर. सकाळच्या गाडीने पेणहून जायचं, बाटल्या धुवायच्या, वायरी गुंडाळायच्या, संध्याकाळच्या गाडीने परत. त्यात बोलावं लागत नाही. तुम्ही एकदा वैजूला विचारलं होतंत म्हणे, "तितं मुक्यांची शाला हाय काय गो?"

आणि मग चार वर्षांपूर्वी पुण्याहून त्या मॅडम आल्या.

त्यांचा अभ्यास डोळ्यांचा होता. डोळ्यांच्या रोगाचा नव्हे, बघण्याचा. पुष्कळ सारख्या गोष्टींतून एक वेगळी गोष्ट शोधताना सराव असलेल्या माणसाची नजर कुठल्या वाटेने जाते, ते त्यांना हवं होतं. त्यासाठी एक चष्मा होता. त्याच्या कडांना आतून दोन बारीक कॅमेरे, ते चष्मा घालणाऱ्याच्या डोळ्यांचा व्हिडिओ काढायचे. कपाळाच्या बाजूला आणखी एक कॅमेरा, तो समोरचं चित्र घ्यायचा. कॉम्प्युटर दोन्ही जुळवायचा आणि समोरच्या चित्रावर एक लाल गोल फिरत राहायचा. गोल जिथे, नजर तिथे. मॅडमना तीसचाळीस वर्षं तांदूळ निवडलेल्या बायका हव्या होत्या. मला विचारलं, दादा, तुमच्या ओळखीत आहेत का कुणी?

मी तुम्हाला फोन केला. "मामी, तांदूळ निवडायला रोह्याला याल का?"

मग तुम्ही म्हणालात, "का? तिकडल्या बायकांचे डोले गेले काय?"

तरी तुम्ही स्वतः धरून आठ जणी जमवल्यात. शेजारची हिरा तर वालाची काढणी अर्धी टाकून तयार झाली.

आता पहिली गोष्ट सांगतो. ही मी कुणालाच सांगितलेली नाही.

मॅडमनी मला सूचनांचा एक कागद दिला होता, बायकांना आधी कळवायला. त्यात दुसरी ओळ लाल शाईने: काजळ लावून येऊ नये. त्याचं कारण असं, की तो कॉम्प्युटर डोळ्यातली बाहुली ओळखतो ती काळेपणावरून. सगळ्यात काळं जे दिसेल त्याला तो बाहुली समजतो. मी फोन लावला. तुम्ही उचललात. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण मामी, सासूला 'काजळ लावू नका' कसं म्हणायचं? त्यातून मामा गेल्यापासून सहा वर्षं तुम्ही काजळ लावलंच नव्हतं, हे मला माहीत होतं. तुम्हाला सांगायचं म्हणजे त्या आठवणीला हात लावायचा, आणि तुमच्या मार्फत बाकीच्या सात जणींना सांगायचं म्हणजे... मी म्हणालो, "मामी, तिथे डोळ्यांचा व्हिडिओ काढणार आहेत." आणि फोन ठेवला.

डोळ्यांचा व्हिडिओ काढणार म्हटल्यावर बायका काय करतील?

कासू स्टेशनवर गाडीत बसलात आणि रोह्याला उतरलात तेव्हा मी फलाटावर उभा होतो. आठही जणींच्या डोळ्यांत हे एवढं काजळ. हिराच्या घरचं, तुपाच्या दिव्यावर धरलेलं. तुमच्याही. हिराने मला कौतुकाने सांगितलं की तुम्ही नको नको म्हणत होतात, पण तिनेच बसवून लावलं, कारण सरकारी असो की शाळेचा, व्हिडिओ तो व्हिडिओ. तुम्ही पदराआडून हसत होतात, लाजल्यासारख्या. तेवीस वर्षांत मी तुम्हाला लाजताना तेवढ्याच दिवशी बघितलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण पडद्यावर काय दिसत होतं ते तुम्हाला दिसलं नव्हतं. पडद्यावर तुमचा डोळा हातभर मोठा, सगळा करडा. आणि बाहुलीभोवती बसायचं ते कडं पापणीच्या काठावरून धावत होतं, कोपऱ्यात जाऊन थांबत होतं, पुन्हा धावत होतं. कॉम्प्युटरच्या मते तुम्ही एका सेकंदात छत, जमीन, खिडकी आणि स्वतःचं नाक बघत होतात. हिराच्या बाबतीत तर त्याने हातच टेकले.

काजळ पुसायला गेलात तर ते पाण्याने निघेना. मी खोबरेल आणायला धावलो. तेलाने ते निघालं नाही, पसरलं. आठही जणी कोळशाच्या वखारीतून आल्यासारख्या ओळीने बाकावर बसलात, आणि जाणारी येणारी पोरं बघत होती.

मॅडम चिडल्या नव्हत्या, दमल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "दादा, काजळाचं सांगितलं नव्हतं का यांना?"

मी टेबलावरच्या वायरीकडे बघत राहिलो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ते मला न बघताही कळलं. मग तुम्ही म्हणालात, "त्यांनी सांगितलं व्हतं. मीच बायकांना सांगायला इसरले."

एवढंच. आवाजात काही नव्हतं. सहा वर्षांनी लावलेलं काजळ खोबरेलाच्या बोळ्याने पुसता पुसता बोललात.

हिरा तुमच्याशी चार दिवस बोलली नाही. वालाच्या शेंगा शेतात तडकत होत्या आणि तिचा दिवस तुमच्यामुळे वाया गेला, असं तिने गल्लीभर सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मला एका शब्दाने विचारलं नाहीत. फक्त त्या दिवाळीत, वैजूसमोर, फराळाचं ताट पुढे करण्याऐवजी तुम्ही काजळाची डबी पुढे केलीत आणि विचारलंत, "जावयबापू, लावलं तर चालंल ना?" मला ठसका लागला. वैजूला वाटलं चिवड्यातली मिरची. पुढे दर दिवाळीत ती डबी निघायची.

एक मात्र झालं. तुम्ही काजळ लावायला लागलात. एकदा लावलंच आहे तर आता कशाला सोडू, म्हणालात. माझ्या हातून घडलेल्या त्या घोळात तेवढं एक बरं निघालं. त्याचं श्रेय घ्यायचा मला हक्क नाही, तरी मी मनातल्या मनात घेतो.

पुढच्या आठवड्यात तुम्ही सगळ्यांना पुन्हा आणलंत. हिरालाही. "चल गो, तुजं काजल येताना गाडीत लाव," म्हणून. आठ जणी कोऱ्या डोळ्यांनी आलात आणि डोकं उघडं पडल्यासारख्या अवघडून बसलात.

त्या दिवशी तुम्ही मॅडमना दोन गोष्टी शिकवल्यात. पहिली, खुर्चीवर बसून तांदूळ निवडता येत नाही, मांडी घालावी लागते. ते त्यांनी मान्य केलं. पण खाली बसून मांडीतल्या सुपात बघितलं की पापण्या खाली येतात आणि बाहुली झाकली जाते. मॅडम पुन्हा दमल्या. तेव्हा तुम्ही उठलात, बागेच्या कडेच्या दोन विटा मला आणायला लावल्यात, त्यावर पाट ठेवलात, पाटावर सूप. नजर वर आली, बाहुली दिसायला लागली. मॅडम विटांकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या.

खरं चित्रण सुरू व्हायच्या आधी एका कागदावर सही करायची होती. तो तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलात, दोनदा. दोन वर्षांनंतर सर्व चित्रण नष्ट करण्यात येईल, या ओळीवर थांबवलंत.

"नष्ट म्हंजे?"

"पुसून टाकणार."

"नक्की?"

मी मान हलवली. तुम्ही पेन हातात घेतलंत, पण सही केली नाहीत. मला जवळ बोलावून, मॅडमना ऐकू जाणार नाही असं म्हणालात, "माणूस गेला की त्याचे डोले मिटतात. कोनतरी हात लावून मिटतो. ह्यांच्या क्यामेऱ्यात माजे उघडेच रायले तर मिटंल कोन?"

मी म्हणालो, मी बघतो. मग तुम्ही सही केलीत, एकेक अक्षर सुटं सुटं.

आता दुसरी गोष्ट.

तांदळात वीस खडे आणि दहा टरफलासकट भाताचे दाणे मी स्वतः मोजून मिसळले होते. नियम असा होता, की निवडणाऱ्या बाईच्या समोर कुणी उभं राहायचं नाही. बाकीच्या सात जणींच्या वेळी मी कपाटामागे स्टुलावर बसलो. तुमच्या वेळी मी खिडकीपाशी, तुमच्या समोर उभा राहिलो. मॅडमचं लक्ष पडद्याकडे होतं.

मी उभा राहिलो कारण मी एक वाक्य तयार करून आणलं होतं. पेणहून रोह्यापर्यंत गाडीत तेच घोकत आलो होतो. 'मॅडम, काजळाचं मीच सांगितलं नव्हतं.' पाच शब्द. ते तुमच्यासमोर बोलायचं, तुमच्या कानावर पडेल असं, एवढं मी ठरवलं होतं.

तुम्ही निवडायला लागलात. मी ओठ हलवत उभा राहिलो.

हे सगळं त्या व्हिडिओत आहे, मामी. कपाळावरच्या कॅमेऱ्याने घेतलेलं. लाल गोल तांदळावर आहे, एका खड्यावर थांबतो, तुमची बोटं येतात, खडा जातो. मग गोल वर उचलला जातो आणि माझ्या ओठांवर येऊन बसतो. पुन्हा तांदूळ. पुन्हा ओठ. एकदा माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर. पुन्हा ओठ. मी नंतर मोजलं. एकतीस वेळा.

सातव्या मिनिटाला मॅडमनी पडद्यावरून मान वर केली. मी तोंड उघडलं. दिसतं त्यात, चांगलं उघडलेलं, बेडकासारखं. लाल गोल माझ्या तोंडावर येऊन थांबला तो हललाच नाही. तुमचे हात सुपात थांबले. तुम्ही वाट बघत होतात.

मी खोकलो.

आणि दुसऱ्या चौकटीत, जिथे तुमचे नुसते डोळे आहेत, करडे, चेहरा नाही, आवाज नाही, तिथे खालच्या पापण्या हळूहळू वर चढतात आणि बाहुल्या अर्ध्या झाकतात. तुम्ही हसलात. रागावला नाहीत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कॅमेरा हलला.

तुम्ही विसाच्या वीस खडे काढलेत. दहा दाणेही. वर एक खडा असा काढलात जो मी टाकलाच नव्हता. तरी मॅडमनी तुमच्या नावापुढे लिहिलं: लक्ष विचलित, वगळावे. त्यांचं बरोबर होतं. त्यांना वाट तांदळातली हवी होती. तुमची नजर निम्मा वेळ एका माणसाच्या तोंडावर होती, आणि तो माणूस तिथे असायलाच नको होता.

रोह्याच्या फलाटावर परतीच्या गाडीत चढताना तुम्ही विचारलंत, "माजं घेतलं ना?"

"घेतलं," मी म्हणालो. "सगळ्यात चांगलं तुमचंच."

तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत. "बरं." आणि गाडी सुटता सुटता खिडकीतून, "दुसरं बटन लोंबतंय." घरी पोचलो तर वैजू सुईदोरा घेऊन दारात. तुमचा फोन गाडीच्या आधी पोचला होता.

आणि तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात! मोतीबिंदू दाखवायला तुम्हाला पेणला आणत होतो, वडखळच्या नाक्यावर मिनीडोर रिक्षा अर्धा तास अडकली, तर उरलेल्या पाच प्रवाशांना तुम्ही माझ्यादेखत चष्मा, पाट, विटा असं सगळं साग्रसंगीत ऐकवलंत. डॉक्टरने टॉर्च डोळ्यावर धरला तेव्हा त्यालाही म्हणालात, "जरा जपून हां, हे डोले अभ्यासाला गेलेले हायेत." डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, खरं का? मी मान हलवली. परवा तेराव्याच्या तयारीला आलेल्या पाहुण्यांना हिरा तेच सांगत होती, की आमच्या ह्या म्हातारीचे डोळे पुण्याच्या पुस्तकात आहेत. मी तिथेच पत्रावळी मोजत बसलो होतो. तेव्हा हे सगळं तुम्हाला सांगायचं ठरवलं.

तिसरी गोष्ट म्हणजे ही फाईल. दोन वर्षांनी मॅडमचा निरोप आला, कॉलेजच्या कॉम्प्युटरवरचं सगळं नष्ट करा आणि तसं लिहून कळवा. मी बाकीच्या सात जणींचं नष्ट केलं. तुमचं राहू दिलं आणि आठही नष्ट केल्याचं कळवलं.

का, असं तुम्ही विचाराल. मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. कॉलेजात दुपारच्या सुट्टीत, डबा खाऊन झाल्यावर, कधीतरी मी ती फाईल उघडायचो; पुढे तिथून काढून घरी आणली. सगळी नाही, सातवं मिनिट फक्त. माझ्या तोंडाकडे इतक्या आशेने कुणी बघितलेलं मला माहीत नाही, मामी. लहानपणी बघितलं असेल आईने, पहिला शब्द यायच्या वेळी. ते पुसायला हात होईना. आणि शब्द दिला होता तुम्हाला, तोही पाळायला हवा होता. या दोन्हींच्या मध्ये मी दोन वर्षं 'पुसलं, पुसलं' म्हणत राहिलो.

तुम्ही गेलात ते झोपेत. मी रोह्याहून पोचलो तेव्हा तुमचे डोळे तुमचे तुम्हीच मिटलेले होते, कुणाला काम ठेवलं नव्हतंत. हिरा म्हणाली, किती छान मिटलेत बघा. मी बघितलं आणि नजर वळवली. कारण एक जोडी उघडीच होती आणि ती माझ्याकडे होती.

वैजू आत्ता चहा घेऊन आली. मी तिला म्हणालो, बस जरा. तेवढ्यानेच ती घाबरली. मी तिला तिन्ही गोष्टी सांगितल्या, काजळापासून सुरुवात करून. चहा निवला. माझं झाल्यावर ती म्हणाली, "काजळाचं मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"आईने. त्याच दिवशी. आणि ती म्हणायची, तुझा नवरा खोटं बोलला की त्याचा डावा डोळा दोनदा मिटतो. त्याला कॅमेरा लागत नाही."

म्हणजे अंगणात, पंगतीत, आरतीच्या वेळी, तिन्ही वेळा माझा डावा डोळा तुमच्यासमोर फडफडत होता, आणि तुम्ही 'बरं' म्हणत होतात. 'घेतलं' म्हणालो तेव्हाही. मग मिनीडोरमधल्या पाच माणसांना ते सगळं तुम्ही कशाला सांगितलंत? माझ्याकडे तिरकं बघत सांगत होतात, हे आत्ता आठवतंय. विचारत नव्हतात तुम्ही. मला दार उघडून देत होतात, पुन्हा पुन्हा, आणि मी उंबऱ्यावर उभा राहून चपला काढत होतो.

पण एक सांगायचं राहिलं, आणि हे खोटं नाही, डावा डोळा तपासून घ्या हवं तर. मॅडमचा लेख छापून आला त्याची प्रत त्यांनी कॉलेजला पाठवली. तुमचे डोळे त्यात नाहीत. पण सूप पाटावर आणि पाट दोन विटांवर ठेवल्याचं आहे, आकृतीसकट. बाकी सात जणींची नजर टिपली गेली ती त्या विटांमुळे. हे तुम्हाला त्याच दिवशी सांगता आलं असतं, खरं आणि अभिमानाचं. पण त्यासाठी आधी वगळल्याचं सांगावं लागलं असतं. उद्या गडबला जाऊन हिराला सांगतो. काजळाचंही सांगतो. चार दिवसांचा अबोला तिने चुकीच्या माणसाशी धरला होता, माझ्याशी धरायला तिला अजून पुष्कळ वेळ आहे.

वैजू म्हणाली, मला एकदा बघू दे.

आम्ही दोघांनी बघितलं, पहिल्यापासून. ती सुरुवातीला डोळे बघत होती, मग लाल गोल बघायला लागली. ओठांवर गोल पहिल्यांदा बसला तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. बटणावर गेला तेव्हा हसली. सातव्या मिनिटाला माझं ते बेडकासारखं तोंड उघडलं, गोल येऊन थांबला, मी खोकलो, आणि वैजू इतकी हसली की कप लवंडला. तिच्याही खालच्या पापण्या तशाच वर चढतात. हे मला माहीत नव्हतं. तेवीस वर्षं मी समोर बसून जेवतोय.

शेवटी मॅडमचा हात येतो. त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, झालं मामी, डोळे मिटून घ्या जरा, चष्मा काढते. अकरा मिनिटं झाली आणि तुम्ही डोळे मिटलेत. शेवटचे चार सेकंद ते मिटलेलेच आहेत. मी दर वेळी सातव्या मिनिटाला थांबायचो, त्यामुळे हे मला आजच दिसलं.

चित्र तिथे थांबलं. वैजूने लवंडलेला कप सरळ केला. मग पदराने टेबलावरचा चहा पुसत म्हणाली, "आता राहू द्या मिटलेले."

मी फाईलवर बोट ठेवलं आणि काढून टाक म्हटलं. कॉम्प्युटरने एक चौकोन पुढे केला. तुम्ही सही करताना विचारलं होतंत तेच त्याने विचारलं: नक्की? हे परत मिळणार नाही.

त्याला नुसती कळ दाबून चाललं असतं. मान हलवण्याइतकंच सोपं.

"व्हय," मी म्हणालो. मोठ्याने, तुमच्यासारखं. मग कळ दाबली.

वैजू माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अगंबाई, तेवीस वर्षं लागली."

तेव्हा मामी, लगीन आता पक्कं समजा.